स्काडा पडद्यांसाठी मराठी संज्ञा: एका अवस्थेला एकच शब्द, यादी पक्की करूया

संज्ञासूची

नमस्कार मंडळी. एका स्काडा प्रकल्पाचे (संगणकावरून प्लांट पाहण्याच्या आणि चालवण्याच्या यंत्रणेचे) पडदे मराठीत येत आहेत. नेहमीचाच पसारा आहे: पंप, वाल्व, ब्रेकर (वीज जोडणारा-तोडणारा स्विच), टाक्या, अलार्मची यादी, ट्रेंड, बॅच. भाषांतराची फाइल अनेक हातांतून गेली आहे आणि ते पडद्यावर दिसतं. एकाच क्रियेला एका पानावर 'थांबवा', दुसऱ्यावर 'बंद करा', तिसऱ्यावर 'स्टॉप'. अलार्मला कुठे 'इशारा', कुठे 'गजर', कुठे 'धोक्याची सूचना'. रात्री तीन वाजता पडद्यासमोर बसलेल्या माणसाला ही तीन वेगळी यंत्रणा वाटली, तर दोष त्याचा नाही.

शुद्ध मराठी विरुद्ध इंग्रजी हा वाद इथे नको. मला अशी यादी हवी आहे की एका अवस्थेला एकच शब्द असेल आणि एका शब्दाच्या दोन अवस्था होणार नाहीत. दुसरी अट पहिलीपेक्षा जास्त महत्त्वाची आहे, कारण अपघात तिथे होतो. सुरुवात 'ओपन' आणि 'क्लोज'पासून करू. सध्या फाइलमध्ये सगळीकडे 'उघडा' आणि 'बंद' आहे.

स्विचगिअर

ब्रेकरलाही 'बंद'? तसं असेल तर ती फाइल आजच थांबवा.

ब्रेकर 'क्लोज' म्हणजे संपर्क जुळलेले, पुढची लाइन चार्ज, म्हणजे तिच्यात वीज. आणि मराठी माणूस 'ब्रेकर बंद' वाचतो तेव्हा त्याला सप्लाय गेलेला दिसतो. दोन्ही अर्थ एकमेकांच्या बरोबर उलटे आहेत. पडद्यावर 'फीडर ब्रेकर: बंद' असं वाचून एखादा पॅनेल उघडायला निघाला तर? कामाच्या आधी टेस्टरने तपासायचं, लॉक लावायचं, हे सगळं आहेच. पण जो पडदा माणसाला चुकीच्या दिशेने ढकलतो त्याच्यावर पुढच्या खबरदाऱ्यांनी पांघरूण घालायचं नसतं.

शब्दवेध

मी भाषांतराच्या बाजूने आहे, म्हणून हे कसं होतं ते सांगतो. आमच्यासमोर फक्त 'ओपन' एवढाच शब्द येतो. फाइल उघडायची आहे, वाल्व उघडलेला आहे, ब्रेकर तुटलेला आहे की लेव्हल स्विचचा संपर्क सुटा आहे, यांपैकी काय ते दिसत नाही. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी चारही जागी एकच 'की' (मजकुराची ओळखखूण) वापरलेली असते. मग भाषांतरकार कितीही हुशार असो, तीन ठिकाणी चुकणारच. पहिलं काम शब्द निवडणं नाही, की वेगळ्या करणं आहे. वाल्वच्या अवस्थेची वेगळी, वाल्वच्या आज्ञेची वेगळी, ब्रेकरच्या अवस्थेची वेगळी, फाइलच्या मेनूची वेगळी.

कंट्रोलरूम_रात्रपाळी

स्विचगिअर यांचा मुद्दा थोडा पुढे नेतो. आपल्या भाषेत 'बंद' हा शब्द परिणाम सांगतो. पंप बंद म्हणजे पाणी जात नाही. वाल्व बंद म्हणजे पाणी जात नाही. दिवा बंद, पंखा बंद, रस्ता बंद: काहीच पुढे जात नाही. इंग्रजी 'क्लोज' मात्र भाग कुठे आहेत ते सांगतो, पाती जुळली की सुटली. वाल्वच्या बाबतीत दोन्ही एकाच बाजूला येतात म्हणून कुणाला शंका येत नाही. ब्रेकरवर ते उलटतात.

म्हणून माझं मत: पंपाला आणि वाल्वला 'बंद' ठेवा, आम्ही रोज तसंच बोलतो. ब्रेकरला 'बंद' आणि 'उघडा' दोन्ही कधीच नको. ब्रेकर ऑन, ब्रेकर ऑफ, ब्रेकर ट्रिप (बिघाडामुळे आपोआप तुटलेला). पाळी देताना आम्ही तसंच सांगतो आणि ब्रेकरच्या तोंडावरही तेच असतं, नाहीतर उभी रेघ आणि गोल. पडद्यावर आणि पॅनेलवर एकच दिसू दे.

नवीन_इंजिनिअर

एक शंका. रिलेच्या (बिघाड दिसला की ब्रेकर ट्रिप करणाऱ्या उपकरणाच्या) इव्हेंट लॉगमध्ये 'सीबी क्लोज्ड' असं येतं, सीबी म्हणजे सर्किट ब्रेकर. पडद्यावर 'ऑन' आणि लॉगमध्ये 'क्लोज्ड' असं झालं तर नंतर ट्रिपचं विश्लेषण करताना गोंधळ होणार नाही का?

स्विचगिअर

होईल, जर लॉग तसाच सोडला तर. लॉगमधली ओळही त्याच की मधून आली पाहिजे. पडद्याचं चिन्ह, अलार्मची ओळ, इव्हेंट, छापील अहवाल या चारही ठिकाणी एक अवस्था एकाच शब्दात दिसली पाहिजे. रिलेच्या स्वतःच्या छोट्या पडद्यावर आणि सर्किट ड्रॉइंगमध्ये 'क्लोज' राहील. ते वाचणारा संरक्षण विभागाचा माणूस असतो आणि त्याला त्याचा अर्थ पक्का माहीत असतो.

रंगाचं इथेच सांगतो. यंत्रांसाठीच्या आयईसी ६०२०४-१ या मानकात हिरवा दिवा म्हणजे सामान्य स्थिती आणि लाल म्हणजे धोका. अनेक सबस्टेशनांत मात्र ब्रेकर ऑन असताना लाल आणि ऑफ असताना हिरवा दाखवण्याची रूढी आहे. म्हणजे रंगावर विसंबता येत नाही आणि शब्दावर भार जास्त पडतो. शब्दही फसवा असेल तर ऑपरेटरकडे उरलं काय?

फर्मवेअर_कट्टा

आमच्या बाजूची अडचण. संदेश साच्यातून तयार होतात: उपकरणाचं नाव, त्यापुढे अवस्था. मराठीत हा साचा लगेच मोडतो. 'पंप थांबला', 'मोटर थांबली', 'यंत्र थांबले'. शिवाय विभक्ती लावली की नावच बदलतं: 'पंप' आणि 'चा' जोडून 'पंपचा' छापलं जातं, हवं असतं 'पंपाचा'. प्रत्येक टॅगसोबत (उपकरणाच्या सांकेतिक नावासोबत) लिंग साठवायची सोय बहुतेक पॅकेजमध्ये नसते आणि हजारो टॅग असताना ते कुणी भरणारही नाही.

शब्दवेध

यावर चांगला उपाय आहे आणि तो भाषेतच आहे. चालू, बंद, ऑन, ऑफ, ट्रिप, तयार, ऑटो, मॅन्युअल हे शब्द लिंगानुसार बदलत नाहीत. पंप चालू, मोटर चालू, यंत्र चालू. अवस्थेसाठी असेच न बदलणारे शब्द घ्या आणि नावापुढे विसर्गचिन्हासारखे दोन टिंब द्या, विभक्ती लावूच नका. 'पी-१०१: ट्रिप'. 'टाकी २, पातळी: जास्त'. वाक्य करण्याचा मोह सोडला की व्याकरण चुकायला जागाच राहत नाही.

आता 'उघडा'. हा शब्द मला दोन कारणांनी नको आहे. एक, तो लिंगानुसार बदलतो: वाल्व उघडा, झडप उघडी, गेट उघडे. दुसरं कारण गंभीर आहे. 'वाल्व उघडा' ही अवस्थाही आहे आणि आज्ञाही आहे. बटणावर 'उघडा' लिहिलं तर वाल्व आता उघडा आहे, की दाबल्यावर उघडेल? त्यामुळे वाल्वची अवस्था 'ओपन' आणि 'बंद', बटणं 'ओपन करा' आणि 'बंद करा'.

लूप_ट्यूनर

'ओपन करा' वाचायला मलाही खटकतं, मराठी शब्द असताना. पण आज्ञा आणि अवस्था यांतला फरक पटला. मग नियमच करा: बटणावरचा शब्द नेहमी 'करा', 'घ्या', 'द्या' असा क्रियापदाने संपेल आणि अवस्थेच्या शब्दात असं आज्ञार्थी क्रियापद कधीही नसेल. 'स्टार्ट' एवढंच लिहिलेलं बटण नको, 'सुरू करा' हवं.

याच धाग्यात 'चालू'चंही बघा. 'चालू बॅच' म्हणजे सध्याची बॅच की धावत असलेली? होल्डवर असलेली बॅच सध्याची असते, पण चालू नसते. 'चालू अलार्म'चंही तेच. 'चालू' फक्त रनिंगसाठी राखा, करंट या अर्थी 'सध्याचा'.

संज्ञासूची

वा, अशीच चर्चा हवी होती. आतापर्यंतचं सगळं मान्य. आता अलार्मकडे वळू. 'ॲक्नॉलेज'ला फाइलमध्ये तीन शब्द आहेत: 'स्वीकारा', 'मान्य करा', 'पोचपावती द्या'. मला तिन्ही पटत नाहीत, पण चौथा सुचत नाही.

कंट्रोलरूम_रात्रपाळी

'दखल घ्या'.

'स्वीकारा' म्हटलं की दाब वाढलेला मला मंजूर आहे असं वाटतं. 'मान्य करा'मध्ये तर जबाबदारी कबूल केल्यासारखं होतं आणि नवीन ऑपरेटर ते बटण दाबायला बिचकतो. प्रत्यक्षात त्या बटणाचा अर्थ एवढाच की मी पाहिलं, आता माझं लक्ष आहे. त्याला दखल हाच शब्द आहे.

शब्दवेध

आणि व्याकरणाच्या दृष्टीने फारच सोयीचा. 'घेतली' हे 'दखल'शी जुळतं, उपकरणाशी नाही. पंप असो, मोटर असो, कन्व्हेयर असो, 'दखल घेतली' आणि 'दखल बाकी' तसेच राहतात. साच्यात बसवायला काही त्रास नाही.

सेफ्टी_रिले

दखल उत्तम. मात्र ती 'रिसेट'पासून आणि आवाज बंद करण्यापासून वेगळी ठेवा. मी असे पडदे पाहिले आहेत जिथे तिन्ही बटणांवर 'अलार्म बंद करा' असं होतं. हॉर्न शांत करणं म्हणजे दखल नाही. दखल घेतली म्हणजे बिघाड गेला नाही. आणि बिघाड गेला तरी लॅच झालेला अलार्म रिसेट केल्याशिवाय जात नाही. या साखळीतल्या प्रत्येक पायरीला वेगळा शब्द हवाच: 'हॉर्न शांत करा', 'दखल घ्या', 'रिसेट करा'.

आयएसए-१८.२ आणि आयईसी ६२६८२ या अलार्म व्यवस्थापनाच्या मानकांत अलार्म दाबून ठेवण्याचे तीन प्रकार आहेत आणि भाषांतरात ते हमखास एक होतात. एक, ऑपरेटरने ठराविक वेळेपुरता बाजूला काढलेला. दोन, लॉजिकने परिस्थिती पाहून रोखलेला, उदाहरणार्थ पंप मुद्दाम बंद ठेवला असताना त्याचा कमी दाबाचा अलार्म. तीन, देखभालीसाठी सेवेतून काढलेला. प्रत्येकाचा अधिकार वेगळ्या माणसाकडे आणि परत येण्याची वाटही वेगळी. तिघांनाही 'निष्क्रिय' म्हटलं तर पाळी बदलताना कुणाला काहीच कळणार नाही.

माझा प्रस्ताव: 'तात्पुरता बाजूला', 'लॉजिकने रोखलेला', 'सेवेबाहेर'. अलार्म हा शब्द पुल्लिंगीच, त्यामुळे 'रोखलेला' चालेल.

आणखी एक. त्याच मानकांच्या व्याख्येत अलार्म म्हणजे असं काही, ज्यावर ऑपरेटरने वेळेत कृती करायची आहे. कृती नसेल तर तो अलार्म नाही. म्हणून 'सूचना' हा शब्द अलार्मच्या यादीत कुठेच नको, तो माहितीपर नोंदींसाठी ठेवा. 'इशारा' हा शब्द मर्यादेच्या जवळ गेल्याच्या पायरीसाठी वापरणार असाल तर तिथेच वापरा, नाहीतर काढून टाका. आणि 'गजर' घड्याळाचा, तो नकोच.

नवीन_इंजिनिअर

जास्त आणि अतिजास्त चालेल का? हाय आणि हाय-हायसाठी. आमच्याकडे कुणी 'उच्च' आणि 'अतिउच्च' लिहिलं आहे.

कंट्रोलरूम_रात्रपाळी

'जास्त', 'अतिजास्त', 'कमी', 'अतिकमी'. 'पातळी: उच्च' असं कुणी बोलत नाही. फक्त 'पातळी' हा शब्द टाकीपुरता ठेवा. अलार्मला 'प्राधान्य' आणि लॉगिनला 'अधिकार' म्हणा. एकाच पडद्यावर 'पातळी ३' तीन अर्थांनी आलेलं मी बघितलं आहे.

लूप_ट्यूनर

कंट्रोल लूपच्या (मोजमाप पाहून आउटपुट आपोआप बदलणाऱ्या नियंत्रणाच्या) फेसप्लेटबद्दल, म्हणजे पडद्यावरच्या त्याच्या चौकटीबद्दल, कळकळीची विनंती: 'एमव्ही' हे संक्षिप्त रूप मराठीत आणू नका. एका पुस्तकात ते मॅनिप्युलेटेड व्हेरिएबल, म्हणजे वाल्वकडे जाणारं आउटपुट. दुसऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकात मेझर्ड व्हॅल्यू, म्हणजे ट्रान्समीटरकडून आलेलं मोजमाप. लूपची दोन टोकं आणि अक्षरं तीच. 'सीव्ही'चंही तसंच आहे, कुठे नियंत्रित होणारी राशी, कुठे कंट्रोलरचं आउटपुट. फेसप्लेटवर 'मोजलेले', 'सेटपॉइंट' (हवं असलेलं मूल्य), 'आउटपुट' असे पूर्ण शब्द लिहा. जागा आहे.

'रिमोट' तर त्याहून वाईट. मोटरच्या सिलेक्टर स्विचवर रिमोट म्हणजे आज्ञा कंट्रोल रूममधून येणार. लूपच्या मोडमध्ये रिमोट म्हणजे सेटपॉइंट दुसऱ्या लूपकडून किंवा संगणकाकडून येणार. पहिल्याला 'आज्ञा: कंट्रोल रूम' आणि 'आज्ञा: फील्ड' म्हणा, दुसऱ्याला 'सेटपॉइंट: बाहेरून' आणि 'सेटपॉइंट: ऑपरेटर'. लांब वाटेल, पण दोन्ही एका पंपावर एकत्र येतात तेव्हा याला पर्याय नाही.

जाता जाता: 'प्रवाह' पाण्याचा की विजेचा? 'दाब' पाइपमधला की विद्युतदाब? विजेसाठी 'करंट' आणि 'व्होल्टेज' लिहिलं की प्रश्न मिटला.

पॅकेजिंग_लाइन

यंत्राच्या अवस्थांबद्दल कुणी बोललं नाही. पॅकएमएलमध्ये (पॅकेजिंग यंत्रांच्या अवस्थांच्या मानकात) सतरा अवस्था आहेत आणि थांबण्याचेच कितीतरी प्रकार. होल्ड आणि सस्पेंड या दोघांना आमच्याकडे 'थांबवलेले' असं भाषांतर आलं आणि डाउनटाइमचा अहवाल निरुपयोगी झाला. होल्ड म्हणजे कारण यंत्राच्या आत: लेबलचा रोल संपला, गोंद संपला. सस्पेंड म्हणजे यंत्र ठीक आहे, मागून माल येत नाही किंवा पुढे जागा नाही. एकात ऑपरेटरने इथे हात घालायचा असतो, दुसऱ्यात शेजारच्या यंत्राकडे जायचं असतं.

आम्ही शेवटी सस्पेंडला 'प्रतीक्षा' केलं, पुढे कारण: 'प्रतीक्षा: मागून माल नाही', 'प्रतीक्षा: पुढे जागा नाही'. होल्डला 'होल्ड'च ठेवलं, तो सगळ्यांच्या तोंडात आहे.

शब्दवेध

'प्रतीक्षा' फार छान. इथे 'ॲबॉर्ट'चा विषय घेऊ या, कारण तिथे खरा सापळा आहे. 'ॲबॉर्ट' आणि 'कॅन्सल' दोन्हींना शब्दकोशात 'रद्द करणे' आहे. आता खात्री विचारणारी खिडकी डोळ्यासमोर आणा: 'बॅच रद्द करायची?' खाली दोन बटणं, 'ठीक आहे' आणि 'रद्द करा'. बॅच वाचवायला निघालेला माणूस कोणतं दाबेल?

कंट्रोलरूम_रात्रपाळी

अर्धे लोक एक दाबतील, अर्धे दुसरं. आणि तेव्हा विचार करायला वेळ नसतो.

संज्ञासूची

मग नियम असा करतो: खात्रीच्या खिडकीत 'ठीक आहे', 'होय', 'रद्द करा' यांपैकी काहीच नाही. एका बटणावर क्रिया पूर्ण लिहायची, 'बॅच ॲबॉर्ट करा', आणि दुसऱ्यावर 'मागे जा'. 'रद्द' हा शब्द यादीतून पूर्ण बाहेर.

आयएसए-८८ या बॅच नियंत्रणाच्या मानकातही पॉज, होल्ड, स्टॉप आणि ॲबॉर्ट वेगळे आहेत. पॉज पुढच्या सुरक्षित टप्प्यावर थांबतो, होल्ड बॅचला ठरलेल्या सुरक्षित अवस्थेत नेतो, स्टॉप क्रमाने संपवतो, ॲबॉर्ट तातडीने. चौघांनाही 'थांबवा' लावता येणार नाही हे उघड आहे. हे चार शब्द उच्चारासकट तसेच घेतो आणि प्रत्येकापुढे एका ओळीची मराठी मदत ठेवतो.

सेफ्टी_रिले

इमर्जन्सी स्टॉपबद्दल दोन गोष्टी. 'आपत्कालीन थांबा' हे कागदावर ठीक, पण लाल बटणाच्या फलकावर 'इमर्जन्सी स्टॉप' असताना पडद्यावर वेगळं नाव नको. दुसरी गोष्ट, आयएसओ १३८५० या मानकाप्रमाणे ते बटण मोकळं करून रिसेट केल्याने यंत्र आपोआप सुरू होता कामा नये. रिसेट फक्त सुरू करण्याची परवानगी देतो. म्हणून रिसेटनंतरचा संदेश 'यंत्र पूर्ववत' असा नको. 'रिसेट झाले. यंत्र बंद आहे. सुरू करण्यासाठी वेगळी आज्ञा द्या.' पूर्ण तीन वाक्यं. इथे आखूडपणा करू नका.

फर्मवेअर_कट्टा

इंजिनिअरिंगच्या पडद्यांपैकी एक शब्द माझ्या मनात कधीचा आहे: 'डाउनलोड'. मोबाइलवर डाउनलोड म्हणजे माझ्याकडे येणं. पीएलसीच्या (यंत्रं चालवणाऱ्या औद्योगिक नियंत्रकाच्या) जगात डाउनलोड म्हणजे संगणकातला प्रोग्रॅम पीएलसीत जाणं आणि तिथला पुसला जाणं. पीएलसीतला प्रोग्रॅम फक्त बघायचा म्हणून नवखा माणूस हे बटण दाबू शकतो. काही कंपन्या 'पीएलसीत लिहा' आणि 'पीएलसीतून वाचा' या अर्थाचे शब्द वापरतात. मराठीत 'पीएलसीत पाठवा' आणि 'पीएलसीतून घ्या' करू. दिशा शब्दातच येते.

मॉडबसच्या (उपकरणांनी एकमेकांशी बोलण्याच्या पद्धतीच्या) पानावर 'मास्टर' आणि 'स्लेव्ह' असेल तर तेही बदला. मॉडबस संघटनेने २०२० मध्येच 'क्लायंट' आणि 'सर्व्हर' स्वीकारले आहेत. पण लक्षात ठेवा, इथे क्लायंट म्हणजे विचारणारा, जो आधी मास्टर होता. पीएलसी सर्व्हर झाला म्हणून तो मोठा झाला असं समजून उलटं जोडू नका.

आणि 'ॲ'. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र आलं. त्याआधीच्या फॉन्टमध्ये चौकोन दिसतो, म्हणून काही लोक 'अ'ला अर्धचंद्र जोडून लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण अलार्मच्या यादीत 'ॲनालॉग' शोधलं की दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या ओळी सापडत नाहीत. एकच पद्धत ठरवा आणि फाइल आत घेतानाच तपासा. बटणांची उंचीही वाढवा, 'र्ट्र' सारखी अक्षरं खालून कापली जातात.

संज्ञासूची

हे सगळं तक्त्यात भरत आहे. चार रकाने: अवस्था किंवा आज्ञा, ती झाल्यावर प्लांटमध्ये काय होतं, शब्द, आणि त्या जागी चालणार नाहीत असे शब्द. दुसरा रकाना भरल्याशिवाय तिसरा भरायचा नाही. शेवटच्या रकान्यातला शब्द फाइलमध्ये आला तर बिल्ड (सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती) अडेल, ती तपासणी फर्मवेअर_कट्टा यांच्याकडे. शब्द बदलायचा झाला तर ऑपरेटर आणि इलेक्ट्रिकल दोघांची सही लागेल, भाषांतरकाराला एकट्याला बदलता येणार नाही.

कंट्रोलरूम_रात्रपाळी

तपासणीचं मी बघतो. पडद्यांची चित्रं पाळीतल्या लोकांना दाखवून 'याचा अर्थ काय' विचारायचं नाही, अर्थ सगळेच बरोबर सांगतात. 'हे दिसलं तर आता काय कराल' एवढंच विचारायचं. दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी केल्या की तो शब्द परत तक्त्यात.

स्विचगिअर

एक राहिलं: अर्थिंग स्विच. त्याला ब्रेकरप्रमाणे ऑन-ऑफ लावू नका. 'अर्थ स्विच ऑन' वाचून लाइन चार्ज आहे असं वाटेल, प्रत्यक्षात ती जमिनीला जोडलेली असते.

शब्दवेध

'अर्थ: जोडलेला' आणि 'अर्थ: काढलेला'? लिंग अडणार नाही, नाव एकच आहे.

स्विचगिअर

चालेल. तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात ऑन, ऑफ, ओपन, बंद चारही लिहा.

संज्ञासूची

लिहिले.